उपयुक्त वस्तूची प्रतिपत्ती

गेल्या माघात एका गावी सप्ताहातील कीर्तन आटोपले, आरती झाली, आणि आम्ही वीणेकऱ्यांशी बोलत उभे असता एक माउली पुढे आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. नमस्कार करून म्हणाल्या, "महाराज, ओला कचरा निराळा आणि सुका निराळा ठेवा असं तुम्ही मघाशी सांगितलंत. मी वर्षभर ठेवते. पण आमचे हे ऐकत नाहीत. चहाचा चोथा कागदात आणि कागद चोथ्यात! काय करू?" भोवतालची मंडळी हसली. आम्हीही हसलो, आणि सवयीने म्हणून गेलो, "गोडीनं सांगा, ऐकतील." माउली गेल्या. परंतु एस.टी.त बसल्यावर ते उत्तर आमच्याच मनाला बोचू लागले. गोडीने सांगून ही गोष्ट घरात होत नाही, हे आम्हास स्वतःच्या घरावरून पक्के ठाऊक होते. ठाऊक असून आम्ही गुळगुळीत बोललो. त्या माउलींचे नाव-गाव विचारायचे राहून गेले. हा लेख त्यांच्या हाती पडला तर हेच आमचे खरे उत्तर समजावे.

आधी विषय मांडू, मग घरात शिरू.

मीमांसकांनी कर्माचे जे भेद सांगितले आहेत त्यांत एक प्रतिपत्तिकर्म आहे. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. यज्ञात एखादी वस्तू आपले काम करून मोकळी झाली म्हणजे तिचे पुढे काय करायचे, याचा जो विधी ती प्रतिपत्ती. पाठशाळेत याचे ठरलेले उदाहरण असे. सोमयागात दीक्षा घेतलेल्या यजमानाने अंग हाताने खाजवायचे नाही. त्यासाठी काळविटाचे शिंग त्याच्यापाशी दिलेले असते. दक्षिणा देऊन झाली की त्या शिंगाचे काम संपले. मग ते वाटेल तिकडे भिरकावून द्यावे काय? नाही. यज्ञभूमीवर चात्वाल नावाचा खड्डा असतो, त्यातच ते टाकायचे. टाकल्याने यजमानाला निराळे काही फळ मिळत नाही. परंतु वापरून झालेल्या वस्तूला तिची ठरलेली जागा मिळते, आणि शास्त्रकार यालाही त्या वस्तूचा संस्कारच म्हणतात. बारशापासून और्ध्वदेहिकापर्यंत माणसाचे संस्कार आपल्याला ठाऊक आहेत. काम संपलेल्या वस्तूलाही संस्कार असतो, एवढे मात्र आपण विसरलो.

येथे शब्दाची एक गंमत आहे. अशा वस्तूला शास्त्रात 'उपयुक्त' म्हणतात, म्हणजे जिचा उपयोग होऊन गेला ती. मराठीत उपयुक्त म्हणजे उपयोगी पडणारी. विद्यार्थिदशेत या दोन अर्थांच्या घोटाळ्यात गुरुजींसमोर आमची चांगली फजिती झाली होती. आज स्वयंपाकघरातील बादलीपुढे उभे राहिले की वाटते, दोन्ही अर्थ एकाच वस्तूत नांदतात. दूध ओतून घेतलेली पिशवी संस्कृतात उपयुक्त झाली. ती धुऊन वाळवली तर मराठीतही उपयुक्त. न धुता भाजीच्या देठांत कोंबली तर मात्र ती कोणत्याच भाषेत उपयुक्त राहत नाही.

निराळे ठेवण्याचे मर्म एवढेच आहे. सुका कागद रद्दीवाला वजनावर घेतो. त्यावर वरण सांडले की कुत्रेही हुंगत नाही. देठ-साली-चोथा यांचे मातीसारखे काळे खत होते. त्यात पातळ प्लास्टिक मिसळले की ते खत झाडाला घालवत नाही. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या आणि दोन्ही नासल्या, असा हा उफराटा संगम आहे. आणि नासलेले सर्व मग गावाबाहेर जाते. गावाबाहेर म्हणजे कोठे? दुसऱ्या कोणाच्या तरी गावात.

पालखीबरोबर पुण्याहून सासवडास जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हडपसर सोडले की दिवे घाट लागण्यापूर्वी उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे शिवार येते. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे या शिवारात उघड्यावर येऊन पडला. २०१७ सालच्या एप्रिलात तेथील ढिगाला आग लागली, गावे धुराने कोंडली, आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरातल्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर कचरा साचून राहिला. आग लागते तीही या मिसळीनेच. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला म्हणजे त्यातून मिथेन नावाचा पेट घेणारा वायू सुटतो, आणि जळायला कागद-प्लास्टिक वर रचलेले असतेच. तो वास आम्ही वारीत नाकावर उपरणे धरून अनेक वर्षे चुकवला. हा वास आपल्याच मोरीतून येथवर आला आहे, हे ध्यानात यायला फार वर्षे लागली.

आता घरची गोष्ट. आम्ही पुण्यात एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहतो. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले होते. त्यांत ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग घरीच करावेत असे सांगितले होते. पण ते कागदावरच आमच्या कानावरून गेले. पुढे २०१८ सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवरील बंदी अमलात आली. त्या वर्षी दिंडीत याची पुष्कळ चर्चा झाली. आम्हीही दोन मुक्कामांवर त्यावर बोललो, लोकांनी माना डोलावल्या, आणि त्या डोलण्याच्या भरात आम्ही वारीहून परतताना एक हिरवी आणि एक निळी अशा दोन बादल्या घेऊन घरी आलो.

आमच्या सौ. पोळ्या लाटत होत्या. आम्ही बादल्या ओट्याखाली मांडल्या आणि विषयप्रतिपादन केले. शेवटी सांगितले की, पत्नी हा शब्दच मुळी यज्ञाच्या संबंधाने सिद्ध होतो असे पाणिनींचे सांगणे आहे. पतीच्या यज्ञात जिचा वाटा ती पत्नी. तेव्हा हाही एक यज्ञच समजावा. सौ. लाटणे न थांबवता म्हणाल्या, "यज्ञ झाल्यावर भांडी कोण घासत होतं, तेही पाणिनींनी सांगितलंय का?"

पाणिनींनी ते सांगितलेले नाही. आम्ही गप्प बसलो, पण माघार घेतली नाही. येथून पुढे आम्ही जे जे केले ते सर्व चुकीचे होते, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. सूनबाईंसमोर आम्ही सौ.ना दोनदा टोकले. पाहुण्यांना बादल्या दाखवून "आमच्याकडे अजून शिकणं चालू आहे" असा विनोद केला. रात्री सर्व निजल्यावर उठून बादलीतले मिसळलेले निवडून ठेवू लागलो. आम्हास ती सेवा वाटे. पण सकाळी सौ.ना बादली नीट केलेली दिसे आणि त्यांना ती चोरून केलेली तपासणी वाटे. एका सकाळी हिरवी आणि निळी या दोन्ही बादल्या धुऊन, पालथ्या घालून, आमच्या पोथ्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या दिसल्या. ओट्याखाली जुना एकच डबा परत आला होता. सौ. काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही. असे अडीच महिने गेले.

मग दसऱ्याच्या सुमारास एक गोष्ट घडली. आमच्या इमारतीतला कचरा नेणाऱ्या ताई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या उजव्या हाताला पट्टी बांधून. सौ.नी विचारले तेव्हा म्हणाल्या, "कुणाच्या तरी पिशवीत दाढीचं पातं होतं, आई. चोथ्यात दिसलं नाही." तीन टाके पडले होते. दोन दिवसांची मजुरी बुडाली होती ती निराळीच. आमच्या मजल्यावर बिऱ्हाडे चार. बाकी तिघांकडे विजेची यंत्रे आहेत की काय आम्हास ठाऊक नाही. आम्ही मात्र पात्याने दाढी करतो, आणि वापरलेले पाते कागदात गुंडाळून, कधी न गुंडाळताही, त्याच डब्यात टाकत आलो होतो. सौ.नी ताईंना आत बसवून चहा दिला. त्या गेल्यावर आमच्याकडे एकदा पाहिले. शब्द एकही नाही. अडीच महिने प्रतिपत्ती सांगणाऱ्या आम्हाला आपल्याच पात्याचा चात्वाल सुचला नव्हता.

पाते आमचेच होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. नव्हते असेही आम्हास म्हणता येत नाही.

त्या दिवशी आम्ही पत्र्याचा एक जुना डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि पाती त्यात टाकू लागलो. डबा भरला की झाकण चिकटवून, वर ठळक अक्षरांत लिहून निराळा द्यायचा. तो डबा अजून तोच आहे, कारण पाते फार बारीक वस्तू, वर्षे लागतात भरायला. दुसऱ्या दिवसापासून, घरी असू तेव्हा, दुधाची पिशवी धुण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले. कोणाला सांगितले नाही, मागितले नाही, बादल्या पुन्हा मांडल्या नाहीत. नळाखाली पिशवी धरायची, खळबळायची, खिडकीच्या दोरीला चिमट्याने लावायची, एवढेच. आठ दिवस सौ. पाहत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी पिशवी आमच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "अशी नाही धुवायची. आधी वरची कड पूर्ण उघडा, म्हणजे आत पाणी साठत नाही. आणि पिण्याचं पाणी कशाला नासता? तांदूळ धुतलेलं पाणी आहे ना पातेल्यात!" पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकू नये, तेवढा तुकडा मोरीत जातो आणि कधीच सापडत नाही, हेही त्यांनीच दाखवले. चार वाक्ये झाली. अडीच महिन्यांत या विषयावर त्या आपण होऊन एवढ्या बोलल्या नव्हत्या.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही पहिल्यांदा नीट विचारले की, तुझी हरकत नेमकी कशाला होती? तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एक, "तुम्ही महिन्यातले वीस दिवस गावोगाव. बादल्या तुम्ही आणल्या, करायचं मी." दुसरी, "नैवेद्याचं ताट ज्या ओट्यावर वाढते त्याच ओट्याखाली शिळंपाकं उघडं ठेवायचं मला पटत नाही. मुंग्या येतात, झुरळं येतात." या दोन आम्हास थोड्याफार अंदाजाने कळल्या होत्या. तिसरी कळली नव्हती. त्या म्हणाल्या, "माझ्या आईची लुगडी आपल्या गोधडीत आहेत. लोणच्याची काचेची बरणी मी आजवर एक टाकली नाही. बोहारणीला जुना कपडा देताना तीन वेळा विचार केला. आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला सांगता की वाया घालवू नये!"

श्रोतेहो, नीट विचार करा. आम्ही ज्याला नवे ज्ञान म्हणून घरात आणत होतो ते त्या घरात चाळीस वर्षे नांदत होते. आम्ही त्यावरच निजत होतो. नवीन होते ते फक्त प्लास्टिक, आणि त्याची युक्ती त्यांच्या आईला शिकवायची गरज पडली नव्हती. घरातले दुसरे माणूस नाखूश असते तेव्हा त्याच्या नाखुशीत बहुधा एखादी खरी गोष्ट दडलेली असते. ती बाहेर आल्यावाचून पुढचे सर्व प्रवचन वाऱ्यावर जाते. आणि ती आपल्या प्रश्नाने बाहेर येत नाही; आपले हात त्या कामात थोडे बुडाले म्हणजे येते. आम्ही पहिल्याच दिवशी विचारले असते तर सौ.नी सांगितले असते काय? आम्हास वाटत नाही.

तोडगे मग सोपे निघाले. ओट्याखाली काही ठेवायचे नाही. ओले रोजच्या रोज झाकणाच्या लहान डब्यात आणि संध्याकाळी गच्चीकडच्या जिन्यातल्या माठात. तो माठ आमच्याकडे. बुडाला आणि कडेला भोके पाडलेला जुना माठ. तळाशी नारळाच्या शेंड्या. मग एक थर ओल्याचा, त्यावर एक थर सुक्या पानांचा. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करायचे. सुरुवातीस आंबट ताक शिंपडले की काम लवकर धरते. वास आला तर समजावे की पाने कमी पडली. पाणी सुटले तरी तेच औषध. दीड-दोन महिन्यांत पहिल्या पावसासारखा वास येणारे खत तयार होते. फार तेलकट-खारट त्यात घालू नये. देवाचे निर्माल्य मात्र जरूर घालावे. नदीत सोडून त्याला कोणती गती मिळते ते आळंदीच्या घाटावर उभे राहून पाहावे.

सुके एका पोत्यात, महिन्यातून एकदा ताईंकडे. पुण्यात २००८ साली महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. सुक्यातले जे विकले जाते ती कचरावेचकांची मिळकत असते. म्हणून धुतलेली पिशवी आणि कोरडा कागद देणे हा उपकार नव्हे, त्यांच्या हक्काचा माल खराब न करणे आहे. बायकांच्या अडचणीच्या दिवसांतील पट्ट्या आणि मुलांचे लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका करावा, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळते. हा विषय महाराजांनी काढावा काय, असे कोणी म्हणेल. ज्या हाताने ते निवडावे लागते तो हात आम्ही पट्टी बांधलेला पाहिला आहे, एवढेच सांगतो. फुटकी काच जाड कागदात, त्यावर तसे लिहून. विजेचे दिवे, घड्याळाचे सेल, उरलेली औषधे निराळी.

आता त्या माउलींच्या घराकडे वळू, कारण तेथे अडून बसलेले पुरुषमाणूस आहे, आणि पुरुषांची हरकत बहुधा दुसरीच असते. "आपण दोन केले तरी गाडीवाला शेवटी एकातच ओततो, मग उपयोग काय?" ही हरकत आळशाची आहे असे समजून उडवून लावू नये. पुष्कळ गावांत ते खरे असते. खोटे आहे असे सांगून भांडत बसण्यापेक्षा एखाद्या सकाळी त्यांनाच गाडीपाशी न्यावे. गाडीत दोन कप्पे असतील तर त्यांचे डोळेच त्यांना सांगतील. नसतील, आणि खरोखर एकात ओतत असतील, तर माउलींनी म्हणावे, "तुमचं बरोबर आहे." हे वाक्य संसारात फार कमी वेळा उच्चारले जाते, त्यामुळे त्याचा परिणाम मोठा होतो. मग ओल्याची घरीच माती करावी आणि सुके थेट भंगारवाल्याला द्यावे. गाडीत जायला जवळजवळ काही उरतच नाही, मग गाडीवाला काय मिसळणार? भंगारवाल्याशी भाव करण्याचे काम मात्र त्यांच्याकडे द्यावे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना याच कामाची गोडी लागली. अ‍ॅल्युमिनिअमचा चेपलेला डबा पत्र्यापेक्षा महाग का जातो याची ते चौकशी करू लागले. भंगारातले अ‍ॅल्युमिनिअम वितळवायला खनिजापासून नवे काढण्याच्या मानाने सुमारे विसावा हिस्साच ऊर्जा पुरते, हे आम्हास त्यांनीच सांगितले. चोथा ते अजूनही कधीकधी कागदात टाकतात. तेवढे सोडून द्यावे.

मुलांना दूत करून पाठवू नये, एवढे आणखी सांगतो. "आजोबा म्हणतात तू चुकलीस" असे नातवाच्या तोंडून ऐकणे आजीला सोसत नाही. आम्ही तेही करून पाहिले आहे.

आमच्या घरी सर्व मिटले आहे असे कोणी समजू नये. कुरकुऱ्यांच्या चकचकीत पाकिटांवरून आमचा वाद अजून चालतो. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पापुद्रा एकावर एक चिकटवलेला असतो, तो सुटा होत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. आमचे म्हणणे, ते घरात आणूच नये. सौ.चे म्हणणे, नातवंडे चार दिवस येतात, तेव्हा शास्त्र गुंडाळून ठेवावे. पाकिटे पोत्यात साठतात. माठाविषयीही त्यांचे मत पालटलेले नाही. तो तुळशीजवळ नको, जिन्यात असेल तर असो, आणि त्याला हात त्या लावणार नाहीत; हे ठरलेले आहे, आणि आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही.

यंदा वारीला निघताना आम्ही कोरड्या पानांचे एक पोते भरून माठाशेजारी ठेवले, आणि सूनबाईंना दोन दिवसांआड मूठभर पाने घालायला सांगून गेलो. परत आलो तो पोते अर्ध्याच्या खाली गेले होते आणि माठात वास नव्हता. सूनबाईंना शाबासकी दिली तर त्या गोंधळल्या. मुलाला ताप आल्यामुळे त्या दुसऱ्याच आठवड्यात माहेरी गेल्या होत्या. सौ. आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही काही विचारले नाही. माठाजवळची काठी मात्र आम्ही ठेवली होती तशी भिंतीला उभी नव्हती. धुऊन, आडवी, उन्हात ठेवलेली होती.